कामून? : पहिल्या पटकथेची पावणेदोन वर्षं

मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या शेती खात्यात कारकून आहे. माझ्या टेबलावर ऊसतोडणी-वाहतुकीचे करार येतात. स्टँप पेपर, जामीनदाराचा सातबारा, आधारची झेरॉक्स, आणि 'मॅडम, तेवढं आज करा की' म्हणत समोर उभा असलेला माणूस. सोळा वर्षं हेच चाललंय. त्यामुळे पटकथा लिहायची ठरवली तेव्हा वाटलं होतं, गोष्टींना काय तोटा? बसायचाच काय तो अवकाश.

बसले नोव्हेंबर २०२२ मध्ये. गाळप सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले होते आणि एका टोळीतला एक कोयता रात्रीतून पळाला. ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: कोयता म्हणजे इथे नवरा-बायकोची जोडी. हंगामाआधी त्यांनी उचल घेतलेली असते, ती तोडणीतून फेडायची. कारखाना वाहतूकदाराला पैसे देतो, वाहतूकदार मुकादमाला, मुकादम कोयत्यांना. जोडी पळाली की तोंड मुकादमाचं पोळतं. आमच्या रोजच्या अहवालात या सगळ्याची नोंद एवढीच: 'कोयते १४, काल १५.' ती ओळ मी घरी येऊन वहीत उतरवली.

पहिला ड्राफ्ट चार महिन्यांत झाला. रात्री साडेदहा ते बारा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. नायक मुकादम भानुदास. त्याच्या टोळीतली एक जोडी एक लाख वीस हजारांची उचल बुडवून पळते. तो मोटरसायकल काढून शोधात निघतो. बीड, परळी, मग पार पुण्याच्या बाजूची वीटभट्टी. इंटरव्हलला जोडी सापडते. पण त्यांची लहान पोरगी बघून भानुदासला दया येते, तो त्यांना सोडून देतो आणि उत्तरार्धात स्वतःच कर्जात बुडतो. शेवटी पाऊस. एकूण १६३ पानं. फेब्रुवारीच्या शेवटी प्रिंट काढली, स्पायरल बाइंडिंग केलं, सगळे मिळून ३९० रुपये गेले. घरी सासूबाईंनी वाचली. म्हणाल्या, 'चांगली आहे.' मग थोडं थांबून, 'पण मला झोप आली.'

इथे एक व्यवहाराची गोष्ट. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट असं सगळीकडे सांगतात. ते इंग्रजी मांडणीच्या ठरावीक टाइपावर आणि समासांवर बेतलेलं आहे. आपण देवनागरीत वर्डमध्ये टाइप करतो तेव्हा फाँट, ओळींतलं अंतर, संवादांची रुंदी यावर पान बरंच इकडेतिकडे होतं. मोजायचंच असेल तर मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मोठ्यानं वाचा, न बोलण्याच्या जागाही मनातल्या मनात धरून. माझा पहिला ड्राफ्ट दोन तास एक्कावन्न मिनिटं भरला. आणि टाइप युनिकोडमध्येच करा. मी सुरुवातीची चाळीस पानं ऑफिसच्या जुन्या फाँटमध्ये केली होती, ती घरच्या लॅपटॉपवर उघडली तर नुसती चिन्हांची भेळ. पुन्हा टाइप केली.

एप्रिल २०२३ मध्ये कोल्हापुरात दोन दिवसांची पटकथा कार्यशाळा होती. फी साडेतीन हजार, चहा-जेवण धरून. शिकवणारे सर नाटकातून आलेले, सत्तरीचे. नाव देत नाही, त्यांना आवडणार नाही. आम्ही बावीस जण. निम्म्यांना वाटत होतं की तीन अंकांचा तक्ता मिळेल, त्यात आपली गोष्ट बसवली की झालं. पहिल्या दिवशी तो मिळालाही: ओळख, अडचण, निकाल, कुठल्या पानाला काय व्हायला हवं. मी वही भरून उतरवून घेतलं आणि मनात म्हटलं, माझ्यात हे सगळं आहे. पंचविसाव्या पानाला जोडी पळते, मध्यावर सापडते, तीन चतुर्थांशाला वाहतूकदार ट्रॅक्टर घेऊन दारात येतो. मग अडलंय कुठं?

दुसऱ्या दिवशी सरांनी नाट्यशास्त्र काढलं. खरं सांगते, आधी कंटाळा आला. पाच अवस्था, पाच अर्थप्रकृती, पाच संधी, हे एम.ए.च्या परीक्षेत लिहून विसरलेलं. पण त्यांनी फक्त दोन शब्दांवर तासभर घालवला: बीज आणि बिंदू. बीज म्हणजे सुरुवातीला इवलंसं पेरलेलं, ज्यातून पुढचं सगळं फुटतं. बिंदू म्हणजे मधल्या प्रसंगांनी धागा तुटायला लागला की तो पुन्हा जोडून देणारी गोष्ट. पाण्यात पडलेला तेलाचा थेंब पसरतो तसा. मग प्रत्येकाला विचारलं, 'तुझ्यात बीज कुठं आहे?'

मी म्हटलं, जोडी पळते ते.

'ती घटना झाली. ती घडलीच नसती तरी भानुदासच्या आत आधीपासून काय होतं?'

मला सांगता आलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यामागे गेले, तर त्यांनी ताटातली भाजी सारत एवढंच सुचवलं, की तुझे सगळे प्रसंग कागदाच्या तुकड्यांवर लिही आणि दोन तुकड्यांच्या मध्ये 'मग' येतोय की 'म्हणून' येतोय ते बघ.

मे महिन्यात कारखाना बंद झाला की आम्हाला जरा उसंत असते. रद्दीतल्या काटा-पावत्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी ७४ प्रसंग लिहिले आणि हॉलच्या फरशीवर मांडले. जोडी पळते, मग भानुदास निघतो, मग बीडला जातो, मग तिथे नसतात, मग परळी. ७४ पावत्यांच्या मध्ये ७३ जागा, त्यांतल्या अकरा ठिकाणी 'म्हणून' आला. बाकी सगळा 'मग'. म्हणजे पटकथा नव्हती, एसटीचं वेळापत्रक होतं. आणि सगळ्यात मोठा 'मग' बरोबर इंटरव्हलला होता: जोडी सापडते, मग त्याला दया येते. का येते? मला हवी होती म्हणून. उत्तरार्ध लिहायचा होता ना.

जून तसाच गेला. मी भानुदासला मेलेला भाऊ दिला, काढून टाकला. आजारी बायको दिली, तीही काढली. पात्राला कारण हवं म्हणून भूतकाळातलं दुःख चिकटवायचं ही सवय मला मालिका बघून लागली असावी. दुःखानं माणूस कळतो खरा, पण तो आत्ता, या दारात, हे पाऊल का उचलतोय ते त्यातून निघतंच असं नाही.

नव्या हंगामाचे करार जूनपासून सुरू होतात. जुलैतल्या एका दुपारी पाऊस मुसळधार, लाइट गेलेली, प्रिंटर बंद. टेबलासमोर एक मुकादम बसले होते, बीडकडचे, आमच्याकडे सात-आठ वर्षं येणारे. तास दीड तास काहीच होणार नव्हतं. बोलता बोलता मी त्यांना गोष्ट सांगितली. नायक मुकादम आहे म्हटल्यावर जरा सावरून बसले. इंटरव्हलपर्यंत गुमान ऐकलं. भानुदास जोडीला सोडून देतो म्हटल्यावर थांबवलं.

'कामून?'

'म्हणजे?'

'सोडून कामून दिलं? पोलिसात कामून गेला न्हाई?'

'मनानं चांगला आहे तो.'

ते हसले. थट्टेनं नाही, लहान पोराला हसावं तसं. 'ताई, मनानं चांगला म्हणून सव्वा लाख सोडतंय व्हय कुणी?' मग बाहेर पावसाकडे बघत, अगदी सहज म्हणाले, 'फिर्याद द्यायची म्हणल्यावर वही दाखवावी लागती.'

मी विचारलं, वहीत काय असतं?

'हिशोब असतो,' म्हणाले आणि लाइट कधी येणार ते विचारलं.

त्या दिवशी घरी जाईपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. सोळा वर्षं माझ्यासमोर या वह्या येतात. लाल पुठ्ठ्याच्या, उभ्या, रबर लावलेल्या. उचल, किराणा, दवाखाना, खाडे. खाडा म्हणजे कामावर न आल्याचा दिवस, त्याचे पैसे वळते होतात. कुणी किती खाडे केले ते मुकादम लिहितो आणि जोडी मान डोलावते. मी कधी आत डोकावले नव्हते, कारण माझा करार वाहतूकदाराशी. वही माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्येही होती! तिसऱ्या प्रसंगात भानुदास ती खिशातून काढतो आणि पुन्हा ७१व्या प्रसंगात. मध्ये सदुसष्ट प्रसंग ती कुठं होती, देव जाणे.

बीज तिथंच पडलेलं होतं. त्याला पाणी घालायचं राहिलं होतं.

नवा भानुदास असा झाला: त्यानं या जोडीच्या नावावर अठरा हजार जास्तीचे मांडलेत. खोटे खाडे, न दिलेला किराणा. फार मोठा खलनायक म्हणून नव्हे. त्याच्या मागे वाहतूकदार लागलाय, गेल्या साली दुसऱ्या कोयत्यानं बुडवलंय, ते कुठून तरी भरून काढायचं. जोडी पळाल्यावर वाहतूकदार म्हणतो, चल फिर्याद देऊ. फिर्यादीला वही लागणार, म्हणून भानुदास म्हणतो, थांबा, मीच आणतो शोधून. म्हणून तो एकटा निघतो. म्हणून मदत घेत नाही. म्हणून भावालाही खोटं सांगतो. पावत्या पुन्हा मांडल्या तेव्हा 'म्हणून' आपोआप यायला लागले, आणि परळीचे चार प्रसंग तर गळूनच पडले, त्यांच्यावाचून काही अडेना.

त्याहून अवघड काम पुढे होतं. जोडी का पळाली? माझ्याकडे त्याचं उत्तर 'छळाला कंटाळून' एवढंच होतं, म्हणजे वर्तमानपत्रातल्या बातमीतलं. भानुदासला मी इतकं कारण शोधलं आणि सिंधूला, पळणाऱ्या बाईला, काहीच दिलं नव्हतं. ती पहिल्या ड्राफ्टमध्ये एकूण नऊ वाक्यं बोलते, त्यांतली चार 'चला' या अर्थाची. गणपतीच्या सुट्टीत, सप्टेंबर २०२३ मध्ये, हे सुटलं. सिंधूला लिहिता येत नाही, पण ती रोज रात्री पोरीच्या शाळेच्या वहीत मोळ्यांच्या रेघा ओढते. पाचवीतली पोरगी त्याची बेरीज करते. बेरजेनुसार उचल फिटलेली आहे. म्हणजे तिच्या लेखी ते पळालेच नाहीत, काम संपलं म्हणून निघाले.

इंटरव्हलचा प्रसंग त्यानंतर एका रात्रीत झाला. वीटभट्टीवर भानुदास समोर उभा. नवरा हात जोडतो. सिंधू आत जाते, आपल्याला वाटतं कोयता आणणार. ती चौकटीच्या पानांची वही आणते. 'आमचीबी वही हाय.' तिथे पडदा.

तिसरा ड्राफ्ट २८ डिसेंबर २०२३ ला संपला. ११८ पानं, वाचायला दोन तास सात मिनिटं. संवाद बीडकडचे नीट व्हावेत म्हणून त्याच मुकादमांना हंगामात दोन रविवारी वाचून दाखवले. माझे सगळे लोक सांगलीचं बोलत होते. 'आमच्यात का म्हणत न्हाईत, कामून म्हणत्यात,' एवढं एक वाक्य तर त्यांनी पंधरा ठिकाणी दुरुस्त केलं.

आता कागदपत्रं. हे सविस्तर लिहिते, कारण मला कुणी नीट सांगितलं नव्हतं.

आधी केलेला मूर्खपणा: कुणीतरी म्हणालं, स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टानं पटकथा पाठवायची आणि पाकीट न फोडता ठेवायचं, तोच पुरावा. पाठवली. पोस्टमननं पाकीट सासूबाईंच्या हातात दिलं आणि त्यांनी ते फोडलं. त्यामुळे तो प्रयोग तिथंच संपला. कायद्यानं त्याला नोंदणीचं वजन नाहीच.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. लिहिलं की हक्क आपोआप येतो, नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झाला तर कोर्टात नोंदवहीतला उतारा प्रथमदर्शनी पुरावा धरतात, म्हणून केलेली बरी. कॉपीराइट ऑफिस दिल्लीत आहे, अर्ज ऑनलाइन भरता येतो. नमुना १४, सोबत तपशिलाची दोन पत्रकं, सहीचं स्कॅन, पटकथेची पीडीएफ. फी ५०० रुपये. मी १६ जानेवारी २०२४ ला भरला, लगेच डायरी नंबर मिळाला. तो जपून ठेवा, पुढे सगळं त्याच्यावर चालतं. नंतर तीस दिवस थांबायचं असतं, कुणाची हरकत येते का म्हणून. हे तीस दिवस संपले की प्रमाणपत्र येतं असा माझा समज होता. तसं नसतं. त्यानंतर छाननी, आणि त्यात चूक निघाली तर पत्र.

माझं पत्र एप्रिलमध्ये आलं. चूक माझीच. अर्जात आधारप्रमाणे सासरचं आडनाव, पटकथेच्या पहिल्या पानावर माहेरचं. दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून पाठवलं. स्टँप आणि नोटरी मिळून ३५० रुपये गेले, आणि रजेचा अर्धा दिवस. बायकांनो, पहिल्या पानावर काय नाव घालायचं ते अर्ज भरायच्या आधी ठरवा.

मधल्या काळात, फेब्रुवारीत, मुंबईतल्या पटकथालेखकांच्या संघटनेची, स्क्रीनरायटर्स असोसिएशनची सभासद झाले. सभासद झाल्यावर तिथेही पटकथा ऑनलाइन नोंदवता येते. हे काम कॉपीराइटच्या मानानं फार लवकर होतं.

या सगळ्यात एक गोष्ट वाचून मी बराच वेळ बसून राहिले. सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल आहे, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स. कल्पना, विषय, कथानक यांवर कॉपीराइट नसतो, ते ज्या रीतीनं मांडलंय त्याच्यावर असतो. म्हणजे 'मुकादम पळालेल्या जोडीला शोधतो' हे उद्या कुणीही लिहू शकतो. माझी आहे ती चौकटीची वही, त्यातल्या रेघा, पोरीची बेरीज. पहिल्या ड्राफ्टमध्ये यातलं काहीच नव्हतं. तो नोंदवला असता तर नेमकं काय नोंदवलं असतं?

जून २०२४ मध्ये ओळखीतून मुंबईला एका निर्मात्याकडे नॅरेशन मिळालं. महालक्ष्मीनं रात्री निघाले, सकाळी दादर, तिथून अंधेरी. तासाभराचं ठरलं होतं, प्रत्यक्षात पंचवीस मिनिटं मिळाली, त्यात तीन फोन. नॅरेशनला पटकथा वाचायची नसते, सांगायची असते. मी आरशासमोर अकरा वेळा सांगून गेले होते, तरी सुरुवातीला आवाज गेलाच. त्यांनी विचारलं, इंटरव्हलला काय? मी वहीचं सांगितलं. फोन उलटा करून ठेवला त्यांनी. मग म्हणाले, 'पण मॅडम, यात चांगला माणूस कोण?' मी म्हटलं, पोरगी बेरीज बरोबर करते. ते हसले, आणि 'बघू, कळवतो' म्हणाले. अजून कळवलेलं नाही. निघताना गाण्याची जागा आहे का असंही त्यांनी विचारून घेतलं.

भेटीहून आल्यावर त्याच दिवशी 'आज आपण भेटलो, मी अमुक गोष्ट ऐकवली' असा साधा मेल पाठवून ठेवा, सोबत एका पानाचा सारांश. भांडणासाठी नाही, तारखेसाठी. आणि कधी करार समोर आलाच तर मुदत आणि 'किती काळात वापरलं नाही तर हक्क परत' ही दोन कलमं आधी वाचा. करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर कायद्यानं मुदत पाच वर्षं धरतात आणि वर्षभरात वापर झाला नाही तर हक्क लेखकाकडे परत येतो. पण करार बनवणारे 'वेगळं काही' बहुधा लिहितातच. हे मी करारांच्याच टेबलावरून सांगते आहे.

नोंदणीचा उतारा मेलवर आला २१ ऑगस्ट २०२४ ला. तेव्हा पुन्हा करार चालू होते. जेवणानंतर तेच बीडचे मुकादम आले. मी फोनवर पीडीएफ दाखवली. त्यांनी चष्मा लावून, बोटानं पान वर सरकवत, बराच वेळ बघितलं.

'ह्याच्यात माझं नाव हाय का कुठं?'

'नाही हो.'

'बेस झालं,' म्हणाले आणि सहीसाठी पेन मागितलं.